न पडलेला दुधाचा सुळा: एका अडकलेल्या दाताचे प्रकरण

ऑगस्ट 2021 मध्ये कराडजवळच्या एका गावातून 13 वर्षे 4 महिने वयाची एक मुलगी, तिची आई आणि आजी माझ्याकडे आल्या. वरच्या जबड्यातला उजवीकडचा, म्हणजे मधल्या मोठ्या दाताशेजारचा पटाशीचा दात गेल्या वर्षभरात फिरला होता आणि फोटोत वाकडा दिसत होता, एवढीच तक्रार होती. "तेवढ्या एकाच दाताला तार लावली तर चालेल का?" असे आईने विचारले. वडील साखर कारखान्यात नोकरीला, घरी थोडी उसाची शेती, त्यामुळे खर्च मोजूनमापून करायचा, हेही तिने आडपडदा न ठेवता सांगितले.

दात सरळ करून घ्यायला येणारी बहुतेक माणसे आरशात दिसणारी गोष्ट घेऊन येतात. दातांची दाटी, पुढे आलेले दात, मधली फट, उलटा चावा, किंवा मागच्या दाढा मिटल्या तरी पुढे उघडे राहणारे तोंड, यांपैकी काहीतरी त्यांना स्वतःला दिसलेले असते किंवा नातेवाइकांनी दाखवून दिलेले असते. या मुलीच्या बाबतीत आरशात दिसत होता तो परिणाम होता, आणि कारण टाळूच्या आत दडलेले होते.

तपासणी

मुलीचा चेहरा समतोल होता. वरच्या आणि खालच्या पहिल्या पक्क्या दाढा एकमेकींवर योग्य जागी बसत होत्या. एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या वर्गीकरणानुसार हा पहिला वर्ग. वरचे पुढचे दात खालच्यांना सुमारे 5 मिमी झाकत होते. ते सर्वसाधारणपणे 2 ते 3 मिमी झाकतात, म्हणजे चावा थोडा खोल होता. दाटी नव्हतीच. डावीकडचा पक्का सुळा खाली येऊन आपल्या जागी बसलेला होता. उजवीकडे मात्र त्याच जागी एक लहान, पांढराशुभ्र, टोक झिजलेला दात होता. तो दुधाचा सुळा होता आणि दोन बोटांत धरून हलवून पाहिला तरी जराही हलला नाही.

वरचा पक्का सुळा साधारण 11 ते 12 व्या वर्षी येतो. तो येण्याच्या बराच आधी, नवव्या-दहाव्या वर्षापासून, त्याचा उंचवटा दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत बोटाला लागतो. तपासणीचा हा भाग दोन मिनिटांचाही नाही: दोन्ही तर्जन्या ओठाखाली घालून हिरडीवरून वर सरकवायच्या आणि दोन्ही बाजू एकसारख्या लागतात का ते पाहायचे. या मुलीच्या उजव्या बाजूला बोट सपाट हाडावरून घसरत गेले. नंतर टाळूवरून बोट फिरवले, तेव्हा पटाशीच्या दातांच्या मागे एक बुटका, टणक फुगवटा लागला.

आणखी दोन गोष्टी नोंदवल्या. वाकडा झालेला तो बाजूचा पटाशीचा दात डावीकडच्या जोडीदारापेक्षा जवळजवळ 1 मिमी अरुंद होता. शिवाय त्याचे मूळ बाहेरच्या बाजूला ढकलले जाऊन हिरडीवर उठून दिसत होते आणि डोके आत झुकले होते. दात आपण होऊन असा झुकत नाही. त्याला मागून काहीतरी ढकलत असले पाहिजे.

आजीचे म्हणणे

दुधाचा दात अजून आहे, हे मी दाखवले तेव्हा आई गप्प राहिली आणि आजी बोलल्या: "माझा बी आसाच व्हता. चाळिशीपातुर टिकला. काय बिघडलं?" घरात दुधाचा दात ओढून काढायची पद्धत नाही, तो आपण होऊन पडावा आणि कौलावर टाकावा, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांना ही मुलीच्या बाजूची साक्ष वाटत होती. मला ती निदानातली सर्वांत उपयोगी माहिती वाटली. आई हसली तेव्हा तिच्याही वरच्या जबड्यात डावीकडचा बाजूचा पटाशीचा दात खुंटीसारखा बारीक दिसला.

सुळा टाळूच्या बाजूला भरकटण्यामागची दोन स्पष्टीकरणे मांडली जातात. एक असे की खाली उतरताना सुळा बाजूच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला भिंतीसारखा टेकून वाट काढतो. ते मूळ आखूड असेल, दात बारीक असेल किंवा तो दातच जन्मतः नसेल, तर सुळ्याला आधार मिळत नाही. दुसरे असे की बारीक दात, जन्मतः नसलेले दात आणि टाळूत शिरलेला सुळा ही एकाच आनुवंशिक प्रवृत्तीची वेगवेगळी रूपे आहेत, म्हणून ती एकाच घरात आढळतात. या कुटुंबात दोन्ही स्पष्टीकरणांना जागा होती. अक्कलदाढा सोडल्या तर हाडात अडकण्याचे प्रमाण वरच्या सुळ्याचेच सर्वाधिक आहे. लोकसंख्येत साधारण 2 टक्क्यांच्या आसपास हे आढळते आणि मुलींमध्ये मुलांच्या जवळजवळ दुप्पट.

दुधाचा दात घट्ट राहण्याचे कारणही यातच आहे. पक्का दात खालून वर किंवा वरून खाली सरकू लागला की त्याच्या वाटेतले दुधाच्या दाताचे मूळ विरघळत जाते आणि मग तो दात हलून पडतो. पक्का दात त्या वाटेने आलाच नाही, तर मूळ शाबूत राहते. दुधाचा दात मजबूत असणे हे अशा वेळी चांगले लक्षण नसते, हे आजींना पटवायला मला त्या दिवशी जमले नाही.

2019 मध्ये, मुलगी 11 वर्षांची असताना, तिला एका दवाखान्यात दाखवले होते. तिथे "दात येईल, थांबा" असे सांगण्यात आले. त्या वयात थांबण्याचा सल्ला चूक म्हणता येणार नाही. पण बोटाने चाचपणी झाली नव्हती, क्ष-किरण चित्र काढलेले नव्हते आणि परत कधी यायचे याची तारीखही दिलेली नव्हती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि त्या थांबण्याची दोन वर्षे झाली. थांबायचे असेल तर कशासाठी, किती दिवस आणि काय दिसले की थांबणे सोडायचे, हे ठरलेले असावे लागते; नाहीतर त्याला दुर्लक्ष म्हणावे लागेल.

चित्रात दिसलेले

संपूर्ण जबड्याच्या चित्रात, ज्याला सगळे ओपीजी म्हणतात, उजवा सुळा आडवा-तिरका पडलेला दिसला. जबड्याच्या मध्यरेषेशी त्याचा कोन सुमारे 35 अंश होता. टोक बाजूच्या पटाशीच्या दाताच्या मुळाची मधली रेषा ओलांडून मधल्या दाताच्या दिशेने गेले होते. ओपीजी सपाट असते. सुळा मुळांच्या पुढे आहे की मागे, हे त्यातून निश्चित कळत नाही. म्हणून त्याच भागाची दोन लहान चित्रे काढली, दुसऱ्या वेळी क्ष-किरणांची नळी थोडी मागच्या दाढांकडे सरकवून. दुसऱ्या चित्रात सुळाही नळीच्याच दिशेने मागे सरकलेला दिसला. नळीबरोबर सरकणारी वस्तू टाळूच्या बाजूला असते आणि उलट सरकणारी ओठाच्या बाजूला, हा जुना नियम आहे आणि तो बोटाने सांगितलेल्या गोष्टीशी जुळला.

एवढ्यावर निदान झाले होते. तरीही मी त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, करायला सांगितले, कारण मला त्या वाकड्या दाताच्या मुळाची काळजी होती. स्वीडनमधील एरिकसन आणि क्युरोल यांनी 2000 साली सीटी स्कॅन वापरून केलेल्या अभ्यासात भरकटलेल्या सुळ्यांशेजारच्या बाजूच्या पटाशीच्या दातांपैकी 38 टक्के दातांची मुळे झिजलेली आढळली होती, आणि साध्या चित्रात अशी झीज बरेचदा लपून जाते, कारण ती मुळाच्या मागच्या अंगाला असते. या मुलीच्या स्कॅनमध्येही तेच निघाले. मुळाच्या टाळूकडच्या बाजूला, सुळ्याचे टोक टेकले होते तिथे, अंगठ्याने ओल्या मातीत दाबावे तसा खळगा पडला होता. तो मुळाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेला होता, पण नसेपर्यंत पोचलेला नव्हता. मुलीला यातले काहीही दुखत नव्हते. मुळाची अशी झीज बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच दोन वर्षे कोणाला पत्ता लागला नाही.

पर्याय

कुटुंबापुढे चार मार्ग ठेवले. पहिला म्हणजे काहीच न करणे आणि दरवर्षी चित्र काढणे. आजींचा कल इकडेच होता, पण मूळ झिजायला लागलेले असताना हा मार्ग मला स्वीकारार्ह वाटला नाही आणि तसे मी स्पष्ट सांगितले. दुसरा म्हणजे अडकलेला सुळा शस्त्रक्रियेने काढून टाकणे, दुधाचा सुळा चालेल तितका चालवणे आणि तो गेल्यावर कृत्रिम दात बसवणे. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेला दात, वाढ पूर्ण होण्याआधी बसवता येत नाही, कारण शेजारचे दात वाढीबरोबर खाली सरकतात आणि इम्प्लांट जागेवरच राहून वर गेल्यासारखे दिसते; म्हणजे आणखी किमान पाच-सहा वर्षे ही जागा दुधाच्या दाताच्या भरवशावर सोडावी लागली असती.

तिसऱ्या मार्गावर मी स्वतः सर्वांत जास्त विचार केला. बाजूचा पटाशीचा दात अरुंद होता, त्याचे मूळ झिजलेले होते; तोच काढून सुळ्याला त्याच्या जागी आणले, तर सुळ्याचा प्रवास कमी होतो आणि उपचार काही महिन्यांनी लवकर संपतो. कागदावर हे आकर्षक दिसते. पण सुळा रुंद, टोकदार आणि रंगाने थोडा पिवळसर असतो. डावीकडे सगळे दात जागेवर असताना उजवीकडे मधल्या दाताला खेटून सुळा आला असता, तर हसताना दोन्ही बाजू वेगळ्या दिसल्या असत्या, आणि ते झाकण्यासाठी तो घासून त्यावर आयुष्यभर भरण करत राहावे लागले असते. शिवाय सुळ्याचा दाब दूर झाला की मुळाची झीज सहसा तिथेच थांबते. दुबळा असला तरी तो दात वाचवण्याजोगा होता.

चौथा मार्ग निवडला: जागा करणे, टाळू उघडून सुळ्याला साखळी जोडणे आणि त्याला ओढून त्याच्या जागी आणणे. यातला धोका म्हणजे सुळा हाडाला चिकटलेला निघणे. तसे झाले तर सुळा जागचा हलत नाही आणि ओढणारे दातच त्याच्याकडे ओढले जातात. 13 व्या वर्षी ही शक्यता कमी असते, वयाबरोबर ती वाढते. "दोन ते अडीच वर्षे लागतील आणि एका दाताला नाही, सगळ्या वरच्या-खालच्या दातांना तार लागेल," हे ऐकल्यावर आईने विचारले की एका दातासाठी सगळ्यांना कशाला? एका दाताला ओढायचे तर ओढणारा खुंटा पक्का हवा, आणि बाकीचे सगळे दात एका जाड तारेने बांधले की तो खुंटा तयार होतो, हे उत्तर तिला लगेच पटले. गोठ्यातल्या दाव्याचे उदाहरण मी देण्याआधी तिनेच दिले. पैशांचे हप्ते उसाच्या बिलांच्या तारखांप्रमाणे ठरले.

केवळ दुधाचा सुळा काढून सहा महिने वाट का पाहिली नाही, असा प्रश्न जाणकार वाचक विचारतील. एरिकसन आणि क्युरोल यांच्याच 1988 च्या अभ्यासात 10 ते 13 वयाच्या मुलांमधल्या 46 भरकटलेल्या सुळ्यांपैकी 36 सुळे, म्हणजे 78 टक्के, नुसता दुधाचा सुळा काढल्यावर वाटेला लागले होते. पण सुळ्याने शेजारच्या मुळाची मधली रेषा ओलांडलेली नसेल तेव्हा हे यश 91 टक्के होते आणि ओलांडलेली असेल तेव्हा 64. या मुलीत रेषा ओलांडली गेली होती, वय त्या गटाच्या वरच्या काठाच्याही पुढे गेले होते आणि मूळ झिजत होते. सहा महिने पणाला लावण्यासारखी ही स्थिती मला वाटली नाही.

उपचार

सप्टेंबर 2021 मध्ये तारा बसल्या. बाजूच्या पटाशीच्या दातावर मात्र सुरुवातीला ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा चिकटवायचा छोटा तुकडा, लावला नाही. मागे सुळ्याचे टोक टेकलेले असताना तो दात सरळ करायला गेलो असतो, तर त्याचे मूळ थेट त्या टोकावर दाबले गेले असते. ज्या दातासाठी कुटुंब आले होते तोच पहिले अनेक महिने तसाच वाकडा ठेवावा लागला, आणि हे मुलीला दर भेटीत नव्याने समजावून सांगावे लागले.

दुधाच्या सुळ्याची रुंदी सुमारे 7 मिमी, पक्क्याची त्याहून अधिक. तारेवर दाबून बसवलेल्या स्प्रिंगने 8 मिमी जागा तयार केली. जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात गुळाच्या कडक वडीने तारेचे टोक अडकवायला दाढेवर चिकटवलेली नळी उखडली आणि तीन आठवडे वाया गेले. ऊस सोलून दाताने खायचा नाही, चिक्की नाही, पेरू चिरूनच खायचा, ही यादी मी पहिल्या दिवशीच देतो. आमच्या भागात उसाबद्दलचे कलम पाळले जाणे अवघड असते, आणि या मुलीने ते पाळले, पण तिळगुळाचा विचार माझ्या यादीत नव्हता. आता आहे.

मार्च 2022 मध्ये मुखशल्यचिकित्सक सहकाऱ्याने जागा बधिर करून शस्त्रक्रिया केली. दुधाचा सुळा त्याच वेळी काढला. त्याचे मूळ जवळजवळ पूर्ण होते. टाळूची त्वचा उचलून, वरचे पातळ हाड खरवडल्यावर सुळ्याचे मोत्यासारखे पांढरे अंग दिसले. सगळ्या शस्त्रक्रियेत नाजूक काम पुढचे होते. त्या अंगावर सोन्याच्या बारीक साखळीचे बटण चिकटवायचे असते, आणि चिकटवण्यासाठी पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो, तर चारही बाजूंनी रक्त झिरपत असते. पहिले बटण ओढून पाहताच निघाले. दुसऱ्या वेळी कापसाचा बोळा पाच मिनिटे दाबून धरून मगच चिकटवले आणि ते शेवटपर्यंत टिकले. त्वचा परत शिवली, साखळीचे टोक बाहेर ठेवले.

ओढ सुरू केली ती सरळ जागेच्या दिशेने नाही. आधी सुळ्याला मागे आणि टाळूच्या मध्याकडे नेले, म्हणजे मुळांपासून दूर, आणि तो त्यांच्यापासून सुटल्याचे चित्रात दिसल्यावरच जागेकडे वळवले. हा फेरा चुकवला तर सुळा शेजारच्या मुळांना घासत जातो. ओढ साधारण 50 ग्रॅमची, म्हणजे एका अंड्याच्या वजनाएवढी. त्याहून जास्त जोर लावून दात लवकर येत नाही. तो महिन्याला सुमारे 1 मिमी या आपल्या चालीनेच येतो. जून ते ऑगस्ट या तीन भेटींत डोळ्यांना काहीच बदल दिसला नाही. वडील एकदा सोबत आले आणि "नक्की हलतोय ना?" असे विचारून गेले. साखळीच्या मोकळ्या झालेल्या कड्या मोजून दाखवल्या: मार्चमध्ये बाहेर 3 होत्या, आता 6. सप्टेंबरच्या शेवटी टाळूच्या कातडीतून टोक डोकावले.

त्यानंतर बाजूच्या पटाशीच्या दातावर ब्रॅकेट लावला आणि तो सरळ होऊ लागला. सुळा मात्र आता खालच्या सुळ्याच्या आतल्या बाजूला उभा होता, म्हणजे एका दाताचा उलटा चावा. चावा आधीच खोल असल्याने त्याला खालच्या दातावरून बाहेर उडी मारायला जागा नव्हती. खालच्या दाढांवर निळसर सिमेंटचे लहान ठोकळे बसवून तोंड दोन मिलिमीटर उघडे ठेवले. पहिले चार दिवस भाकरी चावता येत नाही अशी तक्रार होती, मग दुधात कुस्करून खाण्यावर तडजोड झाली. सात आठवड्यांत, फेब्रुवारी 2023 मध्ये, सुळा बाहेर आला आणि ठोकळे काढून टाकले.

उरलेले वर्ष मूळ सरळ करण्यात गेले. सुळ्याचे डोके ओळीत आले म्हणजे काम संपले असे वाटते, पण टाळूतून आलेल्या दाताचे मूळ मागेच राहिलेले असते आणि हिरडीवरचा सुळ्याचा नैसर्गिक उंचवटा त्यामुळे दिसत नाही. चौकोनी तारेला पीळ देऊन ते हळूहळू बाहेर आणावे लागते. माझ्या समाधानापुरते ते आले नाही. डाव्या बाजूशी तुलना केली तर उजवा उंचवटा आजही थोडा बसका आहे. आणखी सहा महिने तार ठेवून तो कदाचित सुधारला असता, पण दहावीची परीक्षा मार्च 2024 मध्ये होती, दातांवर एक-दोन ठिकाणी पांढरट डाग दिसू लागले होते, आणि मुलीने 28 महिने एकही भेट चुकवलेली नव्हती. जानेवारी 2024 मध्ये तारा काढल्या.

शेवटच्या चित्रात खळगा पडलेले मूळ होते तेवढेच राहिले होते, झीज वाढली नव्हती. सुळा आणि त्याच्याभोवतीची हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली सगळीकडे 3 मिमीच्या आत भरली. वरच्या सहा दातांच्या मागे बारीक तार कायम चिकटवली आणि रात्री घालायला पारदर्शक साचा दिला. पहिला साचा डब्याच्या रुमालात गुंडाळून शाळेत हरवला. दुसरा अजून आहे.

धाकटा भाऊ

पहिल्या भेटीतच मी आईला धाकट्या मुलाला घेऊन यायला सांगितले होते. तो तेव्हा 10 वर्षांचा होता आणि त्याला कसलीही तक्रार नव्हती. डावीकडे सुळ्याचा उंचवटा बोटाला लागला, उजवीकडे नाही. चित्रात उजवा सुळा बहिणीच्याच वाटेला लागलेला होता, पण शेजारच्या मुळाची मधली रेषा अजून ओलांडलेली नव्हती. इथे दुधाचा सुळा काढायचे ठरवले. 1988 च्या त्या अभ्यासानंतर, 2015 मध्ये, स्वीडनमध्येच झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत दुधाचा सुळा काढलेल्या बाजूला 69 टक्के पक्के सुळे आपण होऊन आले आणि न काढलेल्या बाजूला 39 टक्के. म्हणजे काढणे फायद्याचे असते, पण न काढताही काही येतातच, हेही मी आईला सांगितले. तिने बहिणीच्या स्कॅनमधला तो खळगा पाहिलेला होता. तिने फार विचार केला नाही.

आजींनी त्या दिवशी यायचे टाळले. दात मात्र कागदाच्या पुडीत घरी मागवून घेतला आणि कौलावर टाकला, असे मुलाने पुढच्या भेटीत सांगितले. वर्षभरानंतरच्या चित्रात उजवा सुळा सरळ होऊन खाली वळला होता आणि जून 2023 मध्ये तो हिरडीतून बाहेर आला. डावा त्याच्या आधी दोन महिने आला होता. त्याला तार लागली नाही.